फक्त प्रार्थनेसाठी

सेडर फोर्क, नेब्रास्का
१४ फेब्रुवारी

नडीन,

पाकीट फोडलंस, त्याबद्दल आभार. फोडलं नसशील तर मी आपली स्वतःशीच बोलते आहे, आणि त्याची मला सवय आहे. मर्लशी संसार करून अठ्ठेचाळीस वर्षं झाली.

खुशाली अशी. मर्लचा गुडघा कुरकुरतो, मर्ल कुरकुरत नाही. त्याचा भाऊ ड्वेन जानेवारीच्या अखेरीस गेला. जमीन इतकी गोठली होती की दफन दोन दिवस पुढे ढकलावं लागलं. नंतर चर्चच्या तळघरात नेहमीचं जेवण झालं. हॅमची सँडविचेस, बटाट्याचं सॅलड आणि बर्निसची ती हिरवी जेली. गेलेला माणूस तेवढा त्या जेलीतून सुटतो, बाकी सगळ्यांना खावी लागते.

कोरीन आली होती. लिंकनहून पाच तास गाडी चालवून, एकटी, कडेवर मूल घेऊन. ड्वेनने तिला गाडी शिकवली होती, ते पोरगी विसरली नाही. मुलाचं नाव थिओ, आठ महिन्यांचा आहे. मी सहज विचारून गेले, आजी येऊन गेली का ग डलूथहून? तर म्हणाली, "तिला मी बोलावलेलं नाही, मावशी. बोलावणारही नाही."

मी म्हटलं, सहा वर्षं झाली आता, आई आहे ती तुझी. त्यावर तिने मुलाला या कडेवरून त्या कडेवर घेतलं आणि इतक्या शांतपणे बोलली की मला ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं. म्हणाली, "माझं दुःख मी नवऱ्याखेरीज एकाच माणसाला सांगितलं होतं. ते सहा महिन्यांनी गाड्यांच्या काचांवर लागलं. आई म्हणते, मी कोणालाच सांगितलं नाही. मग कोणी सांगितलं, मावशी? भिंतींनी?"

मी सँडविचचा घास घेतला. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही.

तुझ्या लेकीच्या घरच्या गोष्टी तुला मी कळवाव्यात हे बरं नाही, पण नातू झाला हे तुला माहीत असलं तरी तो कसा दिसतो हे माहीत नसेल, म्हणून लिहिते. कपाळ आपल्या बाबांचं आहे. बाकी जावयाच्या, टोबीच्या घरचं, त्याला इलाज नाही.

आणखी एक. तू गाव सोडून गेलीस त्याच्या आधीचा तो रविवार. निवडणुकीची ती पत्रकं गाड्यांवर लागली त्याच्या पुढचा. तू उपासनेला आलीस, तिसऱ्या बाकावर बसलीस, आणि त्या बाकावरचे लोक एकेक करून मागे सरकले. मी पाचव्या बाकावर होते. मध्ये फक्त एक बाक होता. मी उठून तुझ्याशेजारी यायला हवं होतं. मी स्तोत्रसंहिता उघडून बसले. त्याची मला लाज वाटते, आणि ती मी तुझ्यापाशी एकदा तरी बोलून दाखवायला हवी होती.

तुझी थोरली बहीण,
अर्डिथ


९ मार्च

नडीन,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण टपालपेटी उघडताना हात जरा घाई करतो खरा.

गावात पुन्हा शाळा मंडळाची निवडणूक आली आहे. पहिली फेरी मे महिन्यात. शाळा तापवणारा बॉयलर अजून तोच आहे, हे ऐकून तुला हसू येईल. जेना नावाची एक तरुण बाई उभी आहे, पाळणाघर चालवते, आपल्याच चर्चमधली. तीही बॉयलरवरच बोलते. तिला ऐकताना मला तू आठवलीस, सहा वर्षांपूर्वी उमेदवार म्हणून शाळेच्या जेवणघरात उभी राहून छताकडे बोट दाखवणारी. तीस वर्षं त्या शाळेचं ग्रंथालय सांभाळलंस, कुठे गळतं हे तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि गेलन उठला होता. पेंडीच्या दुकानाचा मालक, चर्चचा डीकन, सगळ्यांत मोठा आवाज. त्याने विचारलं, ते सगळं राहू दे, शाळेत प्रार्थना हवी की नको ते सांग. तू म्हणालीस, "प्रार्थना मी घरून आणते, गेलन. बॉयलर आणता येत नाही."

सगळे हसले होते. मीही हसले. गेलनला हसता आलं नाही, आणि मला वाटतं, तुझी हार त्याच क्षणी ठरली. आपल्या गावात माणसाला चुकीचं ठरवलेलं चालतं, हसलेलं चालत नाही.

त्याला राक्षसही म्हणवत नाही ग मला. मर्लच्या हृदयाच्या वेळी हाच गेलन तीन दिवस इस्पितळात खुर्चीवर बसून होता. आमच्या गाईंचं दूध त्याच्या मुलांनी काढलं. पत्रकं त्याने छापली हे सगळ्यांना माहीत आहे. चर्चच्या आत एकही ठेवलं नाही, बाहेर गाड्या उभ्या करतात तिथे वायपरखाली लावली. आत ठेवलं तर चर्च निवडणुकीत पडलं म्हणून सरकार कर लावेल, बाहेर वाऱ्याने काय उडून येतं त्याला कोण काय करणार, असं पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी ते म्हणताना माझ्याकडे पाहिलं नाही.

प्रार्थनेची साखळी तशीच चालू आहे. पाळकीणबाई लोइस मला फोन करतात, मी बर्निसला करते, बर्निस पुढचीला, आणि अर्ध्या तासात चौदा घरांत एकाच माणसाचं नाव देवापुढे जातं. तरुण सुनांनी मोबाइलवर संदेश पाठवायची टूम काढली होती. लोइस म्हणाल्या, देवाला लिहिलेलं चालेल, पण मला आवाज ऐकल्याशिवाय रडता येत नाही. मग राहिलं. यादी अजून माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे, पिठाच्या डब्यासमोर. तुझं नाव आठव्या ओळीत आहे. मी खोडलेलं नाही. सातव्या घरची तुझ्यावरून उडी मारून नवव्या घरी फोन करते.

तुझी ती गोष्ट बाहेर कशी गेली असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. विम्याच्या कचेरीतली कोणी असेल. डॉक्टरकडे बसणारी मुलगी असेल. माणसाच्या जिभेला हाड नसतं.

मर्ल नमस्कार सांगतो. म्हणजे मी विचारलं, सांगू का, तर त्याने मान हलवली.

अर्डिथ


२७ मार्च

नडीन,

तुझं कार्ड आलं. मोठ्या तळ्याचं चित्र, आणि मागे सहा शब्द. "तो उजव्या कुशीवर झोपतो का? कोरीनसारखा?"

मी ते टेबलावर ठेवलं आणि दिवसभर त्याच्याभोवती घर झाडत राहिले. संध्याकाळी मर्ल म्हणाला, "आता लिही तिला." चार दिवसांत तेवढंच बोलला. मला वाटतं त्याला पहिल्यापासून माहीत आहे. एकाच घरात एकच फोन होता तेव्हा.

हो, उजव्या कुशीवर झोपतो. तळघरात कोटांच्या ढिगावर झोपला होता, मूठ गालाखाली.

आता दुसरं. मागच्या पत्रात मी विम्याच्या कचेरीचं जे लिहिलं ते खोटं आहे. तिथली कोणी नव्हती, डॉक्टरकडचीही नव्हती. मी होते.

ईस्टरच्या आधीचा तो झावळ्यांचा रविवार, त्याच्या आदल्या दिवशी तू फोन केलास. मी ईस्टरसाठी अंड्यांचं लोणचं घालत होते, हात बीटरूटने लाल झाले होते, फोन खांद्याने धरला होता. तू म्हणालीस, बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही, तीन डॉक्टरांनी तेच सांगितलं. जन्मली तरी एक दिवस काढणार नाही. पाच महिने झालेत, कायद्यामुळे आपल्या राज्यात आता कोणी हात लावणार नाही, म्हणून उद्या मीच कोरीनला डेनव्हरला घेऊन जाते आहे. तिने मुलीचं नाव ठेवलं आहे, हॅना. मग म्हणालीस, "तू एकटीने प्रार्थना कर, अर्डिथ. साखळीत घालू नकोस. कोरीनला मी शब्द दिलाय."

मी हो म्हणाले. फोन ठेवला. आणि खरंच गुडघे टेकले, स्वयंपाकघरातच. पण मला ते एकटीला पेलेना. मी तुझ्यासारखी नाही. ते जे तुम्ही करायला निघाला होता ते मला पाप वाटत होतं, आजही वाटतं, खोटं कशाला बोलू. आणि तरीही कोरीनसाठी माझं आतडं तुटत होतं. मला वाटलं, एकीने मागितलं तर देव ऐकेल न ऐकेल, चौदा जणींनी मागितलं तर कदाचित सकाळी डॉक्टर म्हणतील, आमचं चुकलं, मूल ठणठणीत आहे. आपण असेच वाढलो ना. बाबा विहिरीत पडले तेव्हा सगळं गाव गुडघ्यावर होतं, आणि ते वर आले.

साखळीत एक पळवाट आहे, तुला माहीत आहे. नाव न घेता नुसतं म्हणायचं, माझी एक न सांगता येणारी विनंती आहे. कोणी काही विचारत नाही, विचारायचं नसतं. मी लोइसना फोन करून तेच म्हणाले. लोइस हळूच म्हणाल्या, "अर्डिथ, तुझा आवाज कापतोय. नाव कळलं तर नेमकं मागता येतं. माझ्यापाशीच राहील, फक्त प्रार्थनेसाठी." आणि मी सांगितलं. तुझं, कोरीनचं, डेनव्हरचं, उद्या झावळ्यांच्या रविवारी निघणार तेही. त्या रडल्या. मीही रडले. आणि नडीन, हे लिहायला मला फार जड जातं, पण त्या रडण्यात मला बरं वाटलं. आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी मोठं आहे, पाळकीणबाई आपल्या एकेका शब्दावर थांबल्या आहेत, याचं सुख होतं त्यात.

हॅना हे नाव मी सांगितलं नाही. का, ते ठाऊक नाही. तेवढंच राखलं.

मग लोइसनी मला म्हटलं, एवढं मोठं संकट आहे, दोघींचं बळ पुरेल का? आणि मी म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल तसं. म्हणजे मीच परवानगी दिली. अर्ध्या तासात चौदा घरं. तेरा म्हणायला हवं, तुझं सोडून.

त्या खरंच प्रार्थना करत होत्या हे मला तुला सांगायचं आहे. आयरीनने दोन दिवस उपास केला. तुम्ही परत आलात तेव्हा तुझ्या दाराशी शेवया आणि कोंबडीचं भांडं होतं, आठवतं? तळाला नेहमी असतं तसं चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव नाही. तू मला फोन करून विचारलंस, कोणाचं असेल ग, परत कोणाला करू? ते बर्निसचं होतं. मला माहीत होतं. मी म्हणाले, शेजारच्यांचं असेल. त्या भांड्यानेच तुला कळायला हवं होतं की गावाला कळलंय, पण तुझा माझ्यावर विश्वास होता.

सहा महिने कोणी शब्द काढला नाही. तू निवडणुकीला उभी होतीस, ऑक्टोबर उजाडला आणि ती पत्रकं आली. माझ्याकडे एक आहे. "झावळ्यांच्या रविवारी आपली लेकरं हातात झावळ्या घेऊन चालत होती, तेव्हा शाळा मंडळाची ही उमेदवार आपल्या लेकीला गाडीत बसवून स्वतःचं नातवंड मारायला डेनव्हरला नेत होती." मी ते वाचलं, आणि झावळ्यांचा रविवार या शब्दांवर माझे डोळे थांबले. ते शब्द माझे होते. लोइसना मी तसेच सांगितले होते.

गेलनपर्यंत ते कोणी नेलं हे मी शोधलं नाही. शोधायला जावं तर सुरुवात माझ्यापासून.

त्या संध्याकाळी तू आलीस. दारातच विचारलंस, तू कोणाला बोललीस का? मी रागावले. खोटं बोलणाऱ्याला राग फार लवकर येतो. मी म्हणाले, सख्ख्या बहिणीचं मी बाहेर सांगेन? आणि वर म्हणाले, कोरीनपाशी माझं नाव काढू नकोस, उगाच पोरगी माझ्यावर संशय धरेल. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, बरं. तुझा विश्वास बसला की नाही हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण तू नाव काढलं नाहीस. लेकीला म्हणालीस, मी कोणालाच सांगितलं नव्हतं. ते तुझं एक खोटं तिला कळलं आणि बाकीचं सगळं तिने त्यावर रचलं. सहा वर्षं तू मला झाकलंस आणि लेक गमावलीस.

एकोणीस मतांनी पडलीस. त्यातलं एक माझं. पडद्याआड पेन्सिल हातात होती, कोणी पाहणारं नव्हतं, आणि मी तुझ्या नावाखालच्या नावापुढे खूण केली. मी स्वतःला सांगितलं की हे देवासाठी करते आहे. आता वाटतं, तू निवडून आली असतीस तर दर महिन्याला सभेत तुझं तोंड पाहावं लागलं असतं, ते मला नको होतं. देवाचं नाव फार सोयीचं असतं ग.

क्षमा कर असं लिहीत नाही. तो शब्द आपण दर रविवारी इतका वापरतो की तो गुळगुळीत झाला आहे. माझी चूक आहे. एवढंच.

अर्डिथ


१२ एप्रिल

कोरीन,

हे पत्र तुझ्या मावशीचं. फाडण्याआधी एवढं वाच.

तुझ्या आईने तुझी गोष्ट मला सांगितली होती. फक्त मला, फक्त प्रार्थनेसाठी, आणि पुढे न्यायची नाही असं बजावून. ती मी चर्चच्या साखळीत घातली. तिथून ती पत्रकात गेली. तुझ्या आईने मला तोंडावर विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले, आणि तुझ्यापाशी माझं नाव घेणार नाही असं तिच्याकडून मीच वदवून घेतलं. तिने तुला दिलेला शब्द मोडला तो एवढाच, की दुःखात आपल्या बहिणीला हाक मारली. बहीण वाईट निघाली, आई नाही.

ड्वेनच्या दफनाच्या दिवशी तू मला विचारलंस, कोणी सांगितलं, भिंतींनी का. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी सँडविच खाल्लं.

तुझ्या आईचा पत्ता मागच्या बाजूला लिहिला आहे.

अर्डिथ मावशी


१२ एप्रिल

नडीन,

कोरीनला पत्र टाकलं. तुला न विचारता, कारण विचारलं असतं तर तू पुन्हा मला झाकलं असतंस.

परवाचा रविवार झावळ्यांचा होता. त्याच्या आधी शुक्रवारी लोइसचा फोन आला. जेना, ती पाळणाघरवाली, त्यांच्यापाशी रडून गेली होती. नवरा पुन्हा प्यायला लागलाय, परवा पोरांसमोर बशा फोडल्या. लोइस म्हणाल्या, निवडणुकीचा ताण आहे बिचारीला, पुढे कळव, फक्त प्रार्थनेसाठी. त्यांच्या आवाजात कपट नव्हतं, नडीन. तेव्हाही नव्हतं. मला वाटतं ते कुठल्या घरातून गेलनकडे गेलं याचा त्यांना आजही पत्ता नाही, आणि पत्ता लावायची इच्छाही नाही.

मी बर्निसला फोन केला नाही. कपाटाचं दार उघडलं, यादी पाहिली, पीठ काढलं आणि दार लावलं. दुपारी लोइसचा पुन्हा फोन. बर्निसला काहीच कळलं नाही म्हणे? मी म्हणाले, कळणार नाही. माझ्यापाशी आलं, माझ्यापाशी राहील. लोइस म्हणाल्या, अर्डिथ, तुला बरं नाहीये का?

रविवारी मुलं झावळ्या घेऊन मधल्या वाटेने चालून गेली. मग पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाची काही विनंती? मी उठले. तिसऱ्या बाकावरून. मी आता तिथे बसते. मी म्हणाले, "सहा वर्षांपूर्वी माझ्या बहिणीचं गुपित मी साखळीत घातलं आणि इथल्याच कोणीतरी ते मतपेटीत घातलं. दुसरा कोण ते मला जाणून घ्यायचं नाही. पहिली मी."

फार मोठं काही झालं नाही. तू डोळ्यांसमोर काही भव्य आणत असशील तर आणू नकोस. एक मूल झावळीने दुसऱ्याच्या नाकात गुदगुल्या करत होतं. गेलन खोकला. त्याचे कान लाल झाले, ते मात्र मी पाहिलं. पाळकसाहेब म्हणाले, आपण आपल्या बहीण अर्डिथसाठी प्रार्थना करू, तिला शांती मिळो. सगळ्यांनी माना खाली घातल्या. माझ्या बोलण्यावर झाकण टाकायला त्यांना प्रार्थनाच सापडली, आणि मला त्यांना दोष देता येईना, कारण ते झाकण माझ्याच घरातलं.

सोमवारी दाराशी शेवया आणि कोंबडीचं भांडं होतं. तळाला नाव नाही. म्हणजे आता साखळीत मी आहे. लोइसनी माझ्यावरून उडी मारली असणार. मर्ल म्हणाला, "चवीला बरं आहे," आणि दोनदा वाढून घेतलं. मी भांडं धुऊन बर्निसच्या पायरीवर नेऊन ठेवलं, तळाला तिचं नाव लिहून.

जेनाचं काय होईल माहीत नाही. लोइसनी बर्निसला स्वतः फोन केला असेल तर माझ्या गप्प बसण्याने काही अडलं नसेल. पण माझ्या हातून गेलं नाही.

अर्डिथ


३१ मे

नडीन,

कोरीन आली होती. मागच्या आठवड्यात मंगळवारी, न कळवता. मी अंगणात रुबार्बचे लाल देठ कापत होते. गाडी थांबली, ती उतरली, थिओ मागच्या सीटवर झोपलेला होता. काच खाली ठेवून ती गाडीशीच उभी राहिली. मी आत ये म्हटलं. ती नाही म्हणाली.

तिने पुष्कळ ऐकवलं. ते मी लिहीत नाही, ते माझं आहे. मी खाली मान घालून ऐकलं, मध्ये बोलले नाही, आणि सबब सांगितली नाही. शेवटी ती म्हणाली, "साखळीत सगळंच सांगितलंस ना? सगळंच?"

मी म्हणाले, नाव नाही सांगितलं.

"कोणाचं नाव?"

"हॅनाचं."

ती पायरीवर बसली. मी उभीच राहिले, हातात रुबार्बचे देठ तसेच. कोरीन म्हणाली, ते नाव आई, टोबी आणि माझ्याशिवाय कोणाच्या तोंडून मी कधी ऐकलंच नाही. मग तोंडावर हात ठेवून रडली. मी तिच्या खांद्याला हात लावला नाही. लावावासा फार वाटला.

थिओ जागा झाला. तिने त्याला घेतलं, पण माझ्याकडे दिलं नाही, आणि मी मागितलं नाही. मला विचारलं, डलूथला इथून सरळ उत्तरेला जाता येतं का? मी म्हणाले, येतं, पण जरा पूर्वेकडे वळावं लागेल, नकाशा आहे मर्लकडे. मर्ल आतून नकाशा घेऊन आला. इतका वेळ दाराआड उभा होता. त्याने तिला रस्ता बोटाने दाखवला आणि कुठे पेट्रोल भरायचं तेही सांगितलं. मी कधी त्याला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं.

जेनाची पहिली फेरी झाली. ती टिकली, सहा मतांनी. पत्रकं लागली नाहीत. ती माझ्यामुळे लागली नाहीत की गेलनच्या कानांमुळे, की नोव्हेंबरसाठी राखून ठेवली आहेत, मला माहीत नाही. मी मत दिलं तिला. पडद्याआड कोणी पाहत नव्हतं, तरी दिलं.

काल तुझं कार्ड आलं. पुन्हा तेच तळं. "कोरीन आली. थिओला पाण्यात पाय बुडवायला आवडतं. तू आता मला लिहू नकोस, अर्डिथ. मला लिहावंसं वाटलं तर मी लिहीन."

मी ते दोनदा वाचलं आणि सवयीने कागद घेऊन बसले. आणि इथपर्यंत लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं, मी पुन्हा तेच करते आहे. सहा वर्षांपूर्वी तू मला एकच गोष्ट सांगितली होतीस, पुढे नेऊ नकोस. आताही एकच सांगितली आहेस. तेव्हा माझ्याकडे कारणं होती, देवाची, प्रेमाची, तुझ्याच भल्याची. आताही आहेत. थिओ जाताना माझ्याकडे बघून हसला, ते मला तुला सांगायचं आहे.

सांगत नाही.

यादी मी काल काढली. कपाटाच्या दारावर तेवढा चौकोन फिका राहिला आहे. हे पत्र मी घडी घालून तिथे ठेवते, पिठाच्या डब्यामागे. पाकीट आणलं नाही, तिकीटही नाही. या वेळी ते माझ्यापाशी राहील.

तुझी,
अर्डिथ